चार इंची रेघ

मोंटाना, कॅनडाची सरहद्द दिसते तिथून
१८ सप्टेंबर १९८६

प्रिय मामा,

आधी कबूल करून टाकतो. हे पत्र मी जुलैपासून लिहितोय. 'प्रिय मामा' एवढं नेब्रास्कात लिहून झालं होतं. मग गहू पिकला, मग पाऊस आला, मग कागद ट्रकच्या सीटखाली गेला आणि त्यावर कुणीतरी सॉकेट पाना ठेवला. ऑगस्टमध्ये दुसरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, 'इथे फार उकडतंय.' तेवढ्यात उकडायचं थांबलं, म्हणून तोही फाडला. तू म्हणशील ही कारणं आहेत. आहेतच. खरं कारण म्हणजे तू विचारणार, "लॅनी, कॉलेजात परत कधी?"

काल गावातल्या पोस्टात तुझी तीन पत्रं एकदम हातात पडली. पोस्टातली बाई म्हणाली, "हा माणूस कोण? वकील का?" म्हटलं, न्हावी आहे. कॅन्ससमधल्या ऑरेल गावात दुकान आहे आणि शनिवारी कॉलेजच्या फुटबॉल मॅचला मैदानाच्या कडेला अंतर मोजायची साखळी धरतो. एकोणतीस वर्षं. ती म्हणाली, "मग बरोबर. न्हाव्यांनाच एवढं बोलायचं असतं."

मामा, तीन पत्रांत मिळून नव्या कोचवर नऊ पानं आहेत आणि माझ्या आईच्या गुडघ्यावर अर्धी ओळ. तुझी सख्खी बहीण आहे ती! असो. मला एवढं कळलं की हॉल्स्टेड कोच सत्तावीस वर्षांनी निवृत्त झाले, त्यांच्या जागी हा स्टॉफर आला, आणि दोन मॅच हरताच तुम्ही त्याच्या नावानं शंख करायला लागलात. अरे, दोनच! गव्हालासुद्धा आम्ही यापेक्षा जास्त वेळ देतो.

खरं सांग, राग हरण्याचा आहे, की तो अजून तुझ्या दुकानात केस कापायला आला नाही त्याचा?

इथलं काम या आठवड्यात संपतंय. मग मी नॉर्थ डकोटात बीटच्या हंगामाला जाईन. पत्ता मागे लिहिलाय. आमच्या गहू कापायच्या टोळीत एक कुत्रा आहे, तो फक्त चालू कम्बाइन यंत्रावर झोपतो, इंजिन बंद केलं की जागा होतो. हे तुला का सांगतोय माहीत नाही.

तुझा,
लॅनी

---

ऑरेल, कॅन्सस
सोमवार, २२ सप्टेंबर

प्रिय लॅनी,

गधड्या, जिवंत आहेस तर. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. झाली पुरी ओळ?

आता दोन नाही, तीन. शनिवारीही हरलो.

केसांचं म्हणशील तर मला काही फरक पडत नाही. हॉल्स्टेड सत्तावीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता माझ्या खुर्चीत बसत, त्यांच्या आधीचे कोच बुधवारी बसत, आणि हा माणूस मार्चपासून गावात राहतो आणि त्याचे केस त्याची बायको कापते. मागून वाडगा ठेवून कापल्यासारखे दिसतात. पण मला काही फरक पडत नाही.

माझं म्हणणं मुद्द्याचं आहे. तू समोर नाहीस म्हणून लिहितो, दुकानात तर रोज बोलतोच.

मॅचची फिल्म काढायला वार्ताहरांच्या खोलीवर एक कॅमेरा असतो, तो पुरे होता. यानं दुसरा आणलाय. तो आमच्या बाजूला शिडीवर, एक पोरगा दिवसभर त्यावर घुबडासारखा बसलेला. सोमवारी संघाच्या पाठीराख्यांच्या क्लबात न्याहारीला येतो तर कॉफी पीत नाही. दूध पितो. आपला कोठारवाला मर्ल त्याला म्हणाला, "कोच, आणखी एक ग्लास आणू, की आईला विचारायला लागेल?" तर हसला. हॉल्स्टेड असते तर त्यांनी मर्लला गव्हाच्या कोठारासकट उचलून टाकलं असतं.

आणि मुख्य गोष्ट. हा माणूस पाठ फिरवतो.

तुला माहीत आहे, आम्ही साखळीवाले पाहुण्या संघाच्या बाजूला उभे असतो. आपला कोच मला मैदानापलीकडून दिसतो. नाकडोळे नाही, पण उभं राहणं दिसतं. एकोणतीस वर्षं मी माणसं उभ्या राहण्यावरून ओळखतो. हॉल्स्टेड चौथ्या, निकालाच्या खेपेला रेघेवर पाय रोवून उभे राहत. हा ऐन चौथ्या खेपेला मैदानाकडे पाठ करून बाकाकडे तोंड करतो! चेंडू सुटतो आणि याची पाठ! मी साखळीवर शेजारी असलेल्या डॉनला म्हटलं, "याला बघवत नाही." डॉन म्हणाला, "मलाही बघवत नाही, पण मी त्याचा पगार घेत नाही."

ज्याला बघवत नाही त्यानं कोच होऊ नये. झालं माझं.

कॉलेजात परत कधी?

तुझा,
व्हर्जिल मामा

---

रेड रिव्हरचं खोरं, नॉर्थ डकोटा
२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

बघ, दहा दिवसांत उत्तर! आईला दाखव.

इथे बीटचे डोंगर आहेत. खरंच डोंगर. शेतकऱ्यांचे ट्रक वजनकाट्यावर येतात, मग आमच्या यंत्रात ओततात, आणि यंत्र डोंगर वाढवतं. मी खाली उभा राहून ट्रकवाल्यांना हात करतो, पुढे, पुढे, थांब. बारा तास. बोलायला एफ्राईन आहे. तो टेक्सासमधून, अगदी मेक्सिकोलगतच्या नदीकाठून आलाय. वयानं तुझ्याएवढा, पण डोक्यावर केस तुझ्या तिप्पट.

त्याला मी आपला फुटबॉल समजावला. "चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार खेपा मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याला." तो म्हणाला, "आणि पाय कधी लावतात?" म्हटलं, कधीकधी. चौथ्या खेपेला घाबरले की लाथ मारतात. "मग याला फुटबॉल का म्हणता?" मामा, याचं उत्तर तुलाही देता येणार नाही.

मग तुझं काम सांगितलं. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते, ती साखळीला जिथे छेदते तिथे तू क्लिप लावतोस. त्यामुळे चेंडू किती पुढे गेला हे मधोमध नेऊन मोजायचं झालं की साखळी उचलायची आणि तीच क्लिप त्याच रेघेवर टेकवायची. एफ्राईन म्हणाला, "म्हणजे सगळी मॅच त्या क्लिपवर?" मी म्हटलं, "सगळी मॅच माझ्या मामावर. एकोणतीस वर्षांत एका इंचाची चूक नाही. पंच त्यालाच विचारतात." तो इतका खूष झाला की ट्रकवाल्यांना सांगत सुटला. आता इथे सगळे मला 'साखळीवाल्याचा भाचा' म्हणतात.

पाठ फिरवण्याचं मला कोडंच आहे. पण मामा, सव्वाशे हातांवरून तुला ती भीती दिसते, जवळून वेगळं काही असेल. मी मुलांना ओळखतो ना, त्यातल्या कुणाला तरी विचारून बघ. डुएन फ्रीझन अजून खेळतो का? माझ्या बरोबर पहिल्या वर्षाला होता, मेनोनाइट पंथातल्या घरचा, म्हशीएवढा, आवाज मात्र चिमणीचा. तो खोटं बोलत नाही. त्याला जमतच नाही.

लॅनी

---

ऑरेल
सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रिय लॅनी,

पत्र मिळालं. आनंद वाटला.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपण जिंकलो, ते लिहायचं राहून गेलं. परवा विल्टनशी हरलो, १६–१४. शेवटची दोन मिनिटं होती. किक मारून तीन गुण घेतले असते तरी जिंकलो असतो, पण कोचनं चौथ्या खेपेला पळवायचं ठरवलं. मोजणी झाली. थोडक्यात कमी पडलं. कात्रण सोबत आहे.

गाव फार संतापलंय. क्लबची खास न्याहारी २० तारखेला. मर्लनं कॉलेजच्या अध्यक्षांना द्यायचं पत्र तयार केलंय: हंगाम संपताच दुसरा माणूस शोधावा. सर्वांच्या सह्या घ्यायच्या आहेत. मर्ल म्हणतो, "व्हर्जिल, तुझी सही पहिली पाहिजे, तुझी बघितली की बाकीचे आपोआप करतील."

डुएन फ्रीझन खेळतो. खेप सुरू करताना चेंडू तोच मागे देतो.

इकडे थंडी पडायला लागली आहे. तुझ्या आईनं पेअरचा मुरांबा केलाय, एक बाटली पाठवते म्हणाली. फुटेल असं मला वाटतं.

मामा

---

बीटच्या डोंगरापाशी
११ ऑक्टोबर

प्रिय मामा,

बाटली फुटली नाही. एफ्राईननं अर्धी संपवली, चमच्यानं, ब्रेडशिवाय. आईला सांग की टेक्सासमध्ये तिचं नाव झालंय.

कात्रण आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. आठ माणसं ऐकत होती. 'विल्टनच्या २१ यार्डांपाशी चेंडू दोन बोटं कमी पडला', इथे आल्यावर एक ट्रकवाला म्हणाला, "दोन बोटं! घरी जाऊन रडलो असतो." दुसरा म्हणाला, "कोचला हाकला." तिसरा म्हणाला, "दोन बोटांनी हुकला त्याचा निर्णय चुकीचा कसा? दोन बोटं मिळाली असती तर तुम्ही त्याला खांद्यावर घेतला असता." मग त्यांचं इतकं वाजलं की काट्यावर सहा ट्रक तुंबले आणि फोरमननं आम्हा सगळ्यांच्या आया काढल्या.

पण मामा, एक विचारू? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात साखळीच नाही. एरवी तू साधी मोजणी झाली तरी लिहितोस: पंच कोण होता, काठी कुणी ताणली, गवत ओलं होतं की कोरडं. १९७१ची ती बर्फातली मोजणी तू मला किमान चाळीस वेळा सांगितली आहेस. आणि वर्षातली सगळ्यात मोठी मोजणी, तुझ्या हातातली, आणि तू लिहितोस 'थोडक्यात कमी पडलं'? पुढे लगेच पेअर?

तू त्या दिवशी आजारी होतास का? दुसऱ्या कुणी धरली होती? छातीत दुखलं असेल आणि आईपासून लपवत असशील तर मला सांग, मी कुणाला सांगणार नाही. माझ्या ओळखीचं इथे कुणी नाहीच.

एफ्राईन म्हणतो, तू त्या दोन बोटांचं दुःख करत असशील. मी त्याला म्हटलं, मामाचं काम मोजायचं, दुःख करायचं नाही.

लॅनी

---

ऑरेल
गुरुवार, १६ ऑक्टोबर

लॅनी बाळा,

छातीत दुखत नाही. बस, आणि हे एकदाच वाच.

पहिली खेप एकतीस यार्डांवरून होती. साखळी लावली, पंचविसाच्या रेघेवर क्लिप लावली. रेघ चार इंच रुंद असते. मी क्लिप नेहमी रेघेच्या मागच्या कडेला लावतो. एकोणतीस वर्षं मागच्याच. झोपेतही.

चौथ्या खेपेला कोचनं किकवाल्या पोराला बाहेर बसवलं आणि पाठ फिरवली. मला असा संताप आला की मी क्लिपकडे बघतच नव्हतो, पलीकडे त्याच्या पाठीकडे बघत होतो. डॉनला काहीतरी घाण बोललो सुद्धा. तेवढ्यात शिट्टी झाली, मोजणी. आम्ही साखळी घेऊन आत धावलो. हॅगर्टी लाइनवरचा पंच होता, चांगला माणूस, वीस वर्षांची ओळख. तो क्लिप धरून वाकला आणि म्हणाला, "व्हर्जिल, पुढची की मागची?"

मी म्हणालो, "पुढची."

बस. एवढंच. चार इंच साखळी पुढे सरकली. चेंडू दोन बोटं कमी पडला. हिशेब तूच कर, तुझं गणित बरं होतं.

मला त्याच वेळी कळलं नाही. मॅच संपल्यावर साखळी गुंडाळताना माझा अंगठा क्लिपवर आला तेव्हा कळलं. तुला सोमवारी लिहायला बसलो तेव्हा मला माहीत होतं. म्हणून पेअर.

आणि त्याच सोमवारी सकाळी मी क्लबात पॅनकेक खात बसलो होतो. तुला माहीत आहे, कोचनं दर सोमवारी फिल्म दाखवून उत्तरं द्यायची हा इथला रिवाज. स्टॉफरनं वरच्या कॅमेऱ्याची फिल्म दाखवली. त्यात इंच कुठले दिसायला? मर्लनं विचारलं, "किक का नाही मारलीस?" तो म्हणाला, "निर्णय माझा होता." मर्ल म्हणाला, "तो दिसतोच आहे, कारण विचारतोय." तो पुन्हा म्हणाला, "निर्णय माझा होता, मिस्टर मर्ल." पंचवीस जण त्याच्यावर तुटून पडले. मी पॅनकेकवर पाक ओतून घेतला, मेपलचा. खूप ओतला.

तू फ्रीझनला विचार म्हणालास. मी विचारलं नाही, तोच मंगळवारी केस कापायला आला. खुर्चीत मावत नाही. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तुमचा कोच पाठ का फिरवतो रे?" तो चिमणीच्या आवाजात म्हणाला, "बाकावरच्या पोरांकडे बघतो. ज्यांना कधी खेळायला मिळत नाही ना, त्यांना विचारतो, आत्ता काय होईल सांग. कोच म्हणतात, मैदान फिल्ममध्ये दिसतं, तुमची तोंडं फिल्ममध्ये येत नाहीत."

माझी कात्री थांबली. मग तो आरशात माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्टर व्हर्जिल, आम्ही शिडीवरच्या कॅमेऱ्याची फिल्म पण बघितली. कोचनी ती आठ वेळा मागेपुढे केली. लावताना मागची, टेकवताना पुढची. सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी दिवा लावला आणि म्हणाले, हे या खोलीबाहेर जाणार नाही, म्हातारा माणूस आहे, घरी जा." आणि मग हा बैल लाल होऊन म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना सांगू नका. पण तुम्ही विचारलंत आणि मला खोटं बोलता येत नाही."

तू फक्त कोचबद्दल विचारायला सांगितलं होतंस, लॅनी. बघ काय निघालं.

दोन रात्री विचार करतोय. मी मुद्दाम केलं नाही, शपथ. पण पाठ फिरवलेली बघून माझ्या मनात आलं होतं, 'आता हर.' आणि मग तोंडातून 'पुढची' निघालं. या दोन्हींच्या मध्ये काही आहे की नाही, हे मला कळत नाही आणि ते मला कुणी मोजूनही देणार नाही.

सोमवारी मर्ल पत्र पुढे करेल. सही पहिली माझी. गप्प बसलो तर तो माणूस जाईल. बायको आहे, दोन लहान मुली आहेत, थोरली माझ्या दुकानाच्या काचेला नाक लावून जाते. बोललो तर एकोणतीस वर्षं गेली. हॅगर्टीचंही नाव जाईल. काय करायचं ते तुला विचारत नाही. तुझं पत्र तोवर पोचायचं नाही. नुसतं कुणाला तरी सांगितलं.

मामा

---

ऑरेल
सोमवार, २० ऑक्टोबर, दुपार

प्रिय लॅनी,

दुकान बंद ठेवलंय. लोकांना वाटत असेल कुणी गेलं.

सांगितलं.

चर्चच्या तळघरात, पॅनकेक चालू असताना. मर्लनं पत्र वाचलं, पेन माझ्यापुढे ठेवलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "विल्टनच्या मॅचला आपण ती खेप मिळवली होती. क्लिप मागच्या कडेला होती, मी पुढची सांगितली." मर्ल म्हणाला, "व्हर्जिल, बस खाली, तुला बरं वाटत नाहीये." म्हटलं, "मला एकदम ठीक वाटतंय. शिडीवरच्या कॅमेऱ्यात आहे, कोचला विचारा."

सगळे कोचकडे वळले. तो दुधाचा ग्लास धरून बसला होता. मर्लनं विचारलं, "खरं आहे?" त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या मॅचमध्ये आम्ही चेंडू तीनदा हातातून सांडला. चार इंचांचं कुणी काय बोलावं?" मर्ल म्हणाला, "मी हो की नाही विचारलं." "हो," तो म्हणाला. "आणि मी हे सांगणार नव्हतो."

मग मागून कुणीतरी, डॉन असावा, म्हणाला, "अरे देवा, व्हर्जिल." हे फार हळू म्हणाला. शिवी चालली असती.

मी आणलेलं केशरी जॅकेट, साखळीवाल्यांचं, मर्लपुढे ठेवलं. त्यानं घेतलं नाही. मी उचललं नाही. ते तिथेच, पाकाच्या बाटलीशेजारी. पत्र मर्लनं घडी करून खिशात घातलं, फाडलं नाही. म्हणाला, "हंगाम संपल्यावर बघू." म्हणजे कोचला नोव्हेंबरपर्यंत श्वास मिळाला. त्याहून जास्त मी मिळवून देऊ शकत नव्हतो.

बाहेर पडताना स्टॉफर गाडीपाशी भेटला. पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितला. एक डोळा जरा लहान आहे. म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं." मी म्हटलं, "मला नसतं चाललं." त्यानं गाडीचं दार उघडलं. शेवटी मीच म्हटलं, "पण किक मारायला हवी होती." तो इतका हसला की दुधाचे ढेकर आले.

हॅगर्टीला फोन केला. तो म्हणाला, "वाकलो मी होतो, तू नाही," आणि ठेवला. रागावला की काय, कळलं नाही.

तू विचारशील, कोच कसा आहे? मला माहीत नाही, लॅनी. सात मॅच, दोन जिंकल्यात. हॉल्स्टेडच्या जवळपासही नाही. पुढच्या वर्षी विचार.

शनिवारी मॅच घरीच आहे. मी काय करायचं शनिवारी, ते ठरलेलं नाही. एकोणतीस वर्षांत शनिवारी दुपारी एक वाजता मी कधी रिकामा नव्हतो. लोक काय करतात?

मामा

---

नॉर्थ डकोटा
शनिवार, २५ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझी दोन्ही पत्रं कालच एकत्र मिळाली. पावसानं रस्ते गेले होते, टपाल तीन दिवस अडकलं. म्हणजे तू ज्या चार दिवसांत एकटा बसून ठरवत होतास, त्या चार दिवसांत मी इथे एफ्राईनशी पैज लावत होतो की बीट कच्चं खाल्लं तर जीभ किती दिवस लाल राहते. (हे साखरेचं बीट असतं, पांढरं. राहतच नाही. मी हरलो.) मला फार लाज वाटली.

मी असतो तर काय सांगितलं असतं? खरं सांगू, मी म्हटलं असतं गप्प बस. मी असाच आहे, मामा. अवघड झालं की मी पुढचा ट्रक पकडतो. कॉलेजही असंच सोडलं. तुला मी सांगितलं होतं की अभ्यास झेपला नाही, तसं नव्हतं. एका पेपरात कमी पडलो, आणि प्राध्यापकांसमोर जाऊन 'मला पुन्हा बसू द्या' एवढं वाक्य म्हणायला लागणार होतं. ते म्हणवेना म्हणून टेक्सास ते कॅनडा गहू कापत हिंडलो. तू पॅनकेकच्या ताटावरून उठून बोललास.

एफ्राईनला मी सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं आता तो मला चिडवेल, 'एका इंचाची चूक नाही' म्हणून. त्यानं पत्र माझ्याकडून घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाला, "आता मला त्या माणसाला भेटायचंय. आधी नव्हतं भेटायचं." इथल्या ट्रकवाल्यांनी कोचबद्दल मतदान घेतलं. अकरा विरुद्ध चार, ठेवा म्हणून. त्या चारांपैकी एकाचं म्हणणं किक मारायला हवी होती. तुझा मित्र होईल तो.

आज जमीन इतकी ओली आहे की दुपारपर्यंत काम बंद. मी काट्याच्या खोलीत बसून लिहितोय. घड्याळात पावणेएक झालाय. तिकडे मैदानावर आता बँडवाली पोरं शिट्ट्या फुंकत असतील आणि डॉन तुझ्या जागी कुणाला तरी साखळी कशी ताणायची ते सांगत असेल, चुकीचं. मला सारखं वाटतंय, तू कुठे असशील. दुकानात पेपर वाचत, की आईकडे, की गाडीत बसून रेडिओ लावून. शनिवारी लोक काय करतात, असं तू विचारलंस. तर मामा, इथले लोक शनिवारी

थांब. फोरमन बाहेर बोंबलतोय. कुणीतरी काट्यावर गाडी आणून उभी केलीय, बीटच्या ट्रकची जागा अडवून. तो म्हणतोय, "इथे वजन होतं, पार्किंग नाही, आजोबा!" आणि आतला माणूस त्याला म्हणतोय, "मग कर वजन, आणि तो काटा नीट बघ, मला तो डावीकडे झुकलेला वाटतोय."

कॅन्ससची नंबरप्लेट. कपाळावर चष्मा. एफ्राईन धावतच सुटला तिकडे.

मामा, तू इथे काय करतोयस?